उपग्रह चित्रांवरून जमिनीची स्थिती कशी वाचावी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उपग्रहाला जमिनीची स्थिती कितपत दिसते?

संवेदक एकच गोष्ट मोजतो : पृष्ठभागावरून परत आलेला प्रकाश. दृश्य प्रकाश आणि अवरक्त किरण मातीच्या अगदी वरच्या पापुद्र्यापलीकडचे काही सांगत नाहीत. त्यामुळे उघडी जमीन, झाडोरा, साचलेले पाणी, घळी, क्षारांचा पांढरा थर, जळालेले क्षेत्र, खाण, भराव या गोष्टी थेट दिसतात. मातीची खोली, सामू, सेंद्रिय कर्ब, नांगराखाली तयार झालेला कडक थर यांचा मात्र अंदाजच बांधावा लागतो, आणि त्या अंदाजाला जागेवरच्या नमुन्यांचा आधार लागतो. नकाशाच्या सूचीत ‘निकृष्ट जमीन’ असा शब्द लिहिण्याआधी चित्रात प्रत्यक्ष काय दिसले आणि आपण काय ठरवले, हे वेगवेगळे नोंदवून ठेवावे. पुढचे बहुतेक वाद या एका सवयीने टळतात.

‘हाय रिझोल्यूशन’ म्हणजे नेमके किती?

ठरलेली व्याख्या नाही. व्यवहारात एक मीटर किंवा त्याहून बारीक पिक्सेलला अतिबारीक, एक ते पाच मीटरला बारीक आणि दहा ते तीस मीटरला मध्यम विभेदन म्हणतात. १९९९ साली सोडलेल्या इकोनॉस उपग्रहाने एक मीटरची चित्रे पहिल्यांदा खुल्या बाजारात आणली. २०१४ च्या वर्ल्डव्ह्यू-३ चा कृष्णधवल बँड (बँड म्हणजे प्रकाशाच्या एका ठरावीक पट्ट्याची नोंद) सुमारे ३१ सेंटिमीटरचा आहे, तर २०१९ मध्ये गेलेल्या कार्टोसॅट-३ चा सुमारे २५ सेंटिमीटरचा. पण रंगीत बँड याच्या साधारण चौपट जाड असतात, वर्ल्डव्ह्यू-३ चे १.२४ मीटरचे. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत दिसतो तो आकडा कृष्णधवल बँडचा असतो. निर्देशांक (बँडांच्या आकड्यांतून काढलेली हिरवाई, ओल यांची मापे) मात्र रंगीत बँडवर काढावे लागतात, म्हणून मागणी नोंदवताना दोन्ही आकडे विचारून घ्यावेत.

एका हेक्टरात किती पिक्सेल बसतात हे पाहिले की फरक लगेच कळतो : ३० मीटरला सुमारे ११, १० मीटरला १००, ३ मीटरला सुमारे १,१११ आणि अर्ध्या मीटरला ४०,०००.

मग सर्वांत बारीक चित्रच घ्यावे, नाही का?

नाही. आधी प्रश्न ठरवावा, मग पिक्सेल. रेषेसारखी वस्तू (घळ, बांध, चर) ओळखू येण्यासाठी तिच्या रुंदीत निदान तीन पिक्सेल बसायला हवेत. म्हणजे दीड मीटर रुंदीच्या घळीसाठी अर्ध्या मीटरचे चित्र लागेल. दहा मीटरच्या चित्रात ती सापडणार नाही. क्षेत्राच्या बाबतीत कडेचे पिक्सेल घात करतात. ५० मीटर बाय ५० मीटरच्या शेतात दहा मीटरचे २५ पिक्सेल बसतात. त्यांतले १६ कडेचे असतात आणि शेजारच्या शेताचा, रस्त्याचा, झाडांच्या सावलीचा प्रकाश त्यांत मिसळतो. निखळ त्या शेताचे पिक्सेल उरतात फक्त नऊ, तेही पिक्सेलची जाळी शेताच्या कडेशी नेमकी जुळली तर.

उलट बाजूही ध्यानात घ्यावी. चित्र जितके बारीक, तितकी प्रत्येक झाडाची सावली, नांगराचा प्रत्येक तास, उभे वाहन असा गोंधळ त्यात वाढतो. त्यातच बारीक चित्रे कमी वेळा मिळतात, आणि जमिनीची स्थिती ही काळाशी बांधलेली गोष्ट आहे. एकाच दिवसाच्या अतिबारीक चित्रापेक्षा सहा वर्षांच्या मध्यम चित्रांची रांग ऱ्हासाबद्दल कितीतरी अधिक सांगते.

मोफत चित्रांवर काम भागते का?

बरेचसे भागते. अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांचा साठा १९७२ पासूनचा आहे आणि २००८ पासून तो मोफत आहे. लँडसॅट ८ आणि ९ मिळून एका जागेवरून दर आठ दिवसांनी जातात. युरोपच्या सेंटिनेल-२ चे १३ बँड १०, २० आणि ६० मीटरचे आहेत. दोन उपग्रह मिळून विषुववृत्तावर पाच दिवसांची फेरी होते, ध्रुवांकडे जाल तशी ती आणखी लवकर.

आम्ही सुचवतो ती रीत दोन पायऱ्यांची. सगळे क्षेत्र मोफत चित्रांच्या मालिकेवर तपासावे. जिथे संशय येईल तेवढ्याच तुकड्यांसाठी अर्ध्या मीटरचे चित्र विकत घ्यावे. सगळेच्या सगळे क्षेत्र बारीक चित्रांत विकत घेतले की पैसा पहिल्याच वर्षी संपतो आणि पुढची देखरेख होतच नाही.

चित्र मागवताना काय तपासावे?

कॅमेऱ्याचा तिरकस कोन २० अंशांच्या आत असावा. डोंगराळ भागात १५ च्या आत मिळाला तर उत्तम. सूर्याची उंची ३० अंशांपेक्षा जास्त असावी, नाहीतर सावल्या लांब पडतात. ढगांची टक्केवारी पूर्ण चित्राची असते, तुमच्या क्षेत्राची नव्हे. पाच टक्के ढग नेमके तुमच्याच गावावर असू शकतात आणि चाळीस टक्के ढगांच्या चित्रात तुमचे क्षेत्र स्वच्छ असू शकते. म्हणून लहान नमुना-चित्र डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मागणी नोंदवू नये.

माल १६ बिटचा, निकट-अवरक्त बँडसह आणि मूळ मेटाडेटा (चित्राची तारीख, कोन, प्रक्रिया यांची माहिती) फायलींसकट मागावा. ‘दिसायला छान’ केलेला ८ बिटचा रंगीत माल मोजणीच्या कामाचा नाही. त्यातले मूळ आकडे ताणून बदललेले असतात आणि ते परत मिळवता येत नाहीत. किमान क्षेत्राची अटही पाहावी. साठ्यातल्या चित्रांना ती बहुधा २५ चौरस किलोमीटरच्या आसपास असते, नव्याने टिपून घ्यायच्या चित्रांना बरीच जास्त. परवान्यात किती जणांना वापर करता येईल आणि तयार नकाशा इतरांना देता येईल का, हे वाचूनच सही करावी.

चित्र हाती आल्यावर आधी काय करायचे?

क्रम असा : आकड्यांचे परावर्तनात (पडलेल्या प्रकाशापैकी परतलेल्या हिश्श्यात) रूपांतर, वातावरणाची दुरुस्ती, भूरचनेनुसार ऑर्थो-दुरुस्ती (उंचसखलपणामुळे सरकलेले चित्र जागेवर आणणे), ढग व सावल्या वगळणे, आणि शेवटी सर्व तारखांची चित्रे एकमेकांवर तंतोतंत बसवणे. निर्देशांक त्यानंतर.

यातली एक चूक फार पसरलेली आहे म्हणून सविस्तर सांगतो. सेंटिनेल-२ च्या प्रक्रियेत २५ जानेवारी २०२२ पासून प्रत्येक आकड्यात १,००० मिळवलेले असतात. परावर्तन काढताना आधी १,००० वजा करून मग १०,००० ने भागायचे. समजा, निकट-अवरक्तचा आकडा ४,००० आणि लालचा १,८०० आहे. वजाबाकी केली तर ३,००० आणि ८०० उरतात, एनडीव्हीआय (हिरवाईचा निर्देशांक) येतो ०.५८. विसरलात तर तोच ०.३८ येतो. जुनी चित्रे बरोबर आणि नवी चुकीची अशी मालिका तयार झाली, की २०२२ नंतर सगळीकडे झाडोरा घटल्याचे दिसते आणि त्यावर अहवालही लिहिले जातात. जुनी चित्रे नव्या पद्धतीने पुन्हा तयार करून दिलेली असतील तर त्यांतही हे १,००० असतात. म्हणून तारखेवर विसंबू नये. प्रत्येक चित्राच्या मेटाडेटातली प्रक्रिया-आवृत्ती आणि ऑफसेट (मिळवलेला आकडा) वाचावा. गूगल अर्थ इंजिनमध्ये ‘हार्मोनाइज्ड’ नावाचा संग्रह घेतला तर ही जुळवणी झालेली असते.

ढगांसाठी सेंटिनेल-२ च्या दृश्य-वर्गीकरण थरातले (प्रत्येक पिक्सेल ढग, सावली, पाणी की जमीन हे सांगणारा थर) ३, ८, ९ आणि १० हे ढगांचे व त्यांच्या सावल्यांचे वर्ग काढून टाकावेत. मात्र हा थर ढगांची कड नेमकी पकडत नाही. वगळलेल्या भागाभोवती आणखी १०० ते २०० मीटरचा पट्टा सोडून द्यावा. थोडा माल वाया जातो, पण विरळ ढगाची किनार ‘कोरडी जमीन’ म्हणून नकाशात शिरत नाही.

डोंगरउतारावर बांध सरकलेले का दिसतात?

कॅमेरा तिरका आणि उंचीचे मॉडेल चुकीचे, म्हणून. सरकण्याचे अंतर म्हणजे उंचीतली चूक गुणिले तिरक्या कोनाचा टॅन्जंट. कोन २५ अंशांचा आणि उंचीत १० मीटरची चूक असेल तर बांध सुमारे ४.७ मीटर सरकतो, म्हणजे अर्ध्या मीटरच्या चित्रात नऊ पिक्सेल. जागतिक ३० मीटरच्या उंची-मॉडेलवर तीव्र उतारांवर अशी चूक होऊ शकते. शक्य तिथे बारीक मॉडेल वापरावे, निदान चार ते सहा नियंत्रण बिंदू (जमिनीवर अचूक स्थान मोजलेल्या जागा) देऊन चित्रासोबतचे आरपीसी गुणांक (चित्रातली जागा जमिनीवरच्या स्थानाशी जोडणारे आकडे) दुरुस्त करावेत, आणि अचूकता तपासण्यासाठीचे बिंदू त्यांच्यापासून वेगळे ठेवावेत. ज्या बिंदूंनी दुरुस्ती केली त्यांच्यावरच तपासणी केली तर उत्तर गोडच येणार.

नियंत्रण बिंदू मोबाइलच्या जीपीएसवर घेऊ नयेत. त्यात तीन ते पाच मीटरची चूक सहज असते, म्हणजे दुरुस्तीपेक्षा बिघाड जास्त. डिफरन्शियल जीपीएस यंत्र वापरावे आणि बिंदू जमिनीलगतचे निवडावेत : रस्त्याचा कोपरा, पुलाच्या कठड्याचे टोक. छपराचा कोपरा घेऊ नये, कारण उंच वस्तू तिरक्या चित्रात स्वतःच झुकते.

पॅन-शार्पन केलेल्या चित्रावर एनडीव्हीआय काढावा का?

नको. त्या प्रक्रियेत कृष्णधवल बँडचा तपशील रंगीत बँडांत मिसळून त्यांचे आपसातले गुणोत्तर बिघडते. हे चित्र डोळ्यांनी पाहण्यासाठी आणि हद्दी आखण्यासाठी ठेवावे. आकडे मूळ रंगीत बँडांवरूनच काढावेत.

कोणता निर्देशांक कधी वापरावा?

एनडीव्हीआय (निकट-अवरक्त उणे लाल, भागिले त्यांची बेरीज) सर्वांत ओळखीचा, पण दोन टोकांना तो दगा देतो. दाट झाडोऱ्यात तो वर जाऊन थांबतो. पाने वाढली तरी आकडा हलत नाही. विरळ झाडोऱ्यात खालच्या मातीचा रंग त्यात घुसतो. सारख्याच झाडोऱ्याखाली काळी माती असली तर तो जास्त येतो, फिकी असली तर कमी. विरळ कुरणे आणि पडीक जमिनींसाठी म्हणून मातीचा परिणाम कमी करणारा एसएव्हीआय घ्यावा : वरचा फरक तोच, भाजकात ०.५ मिळवायचे आणि उत्तराला १.५ ने गुणायचे. हे सूत्र परावर्तन ० ते १ च्या मापात असेल तरच लागू पडते. दहा हजारांच्या मापातले आकडे तसेच घातले तर ते ०.५ बुडून जातात आणि दीडपट एनडीव्हीआय तेवढा हाती येतो.

पानांतल्या पाण्यासाठी निकट-अवरक्त आणि १,६०० नॅनोमीटरच्या आसपासचा लघुतरंग अवरक्त यांची जोडी उपयोगी पडते. जळालेल्या क्षेत्रासाठी निकट-अवरक्त आणि २,२०० नॅनोमीटरच्या आसपासचा बँड घ्यावा. वाळलेले गवत, काड, धसकटे यांना उघड्या मातीपासून वेगळे करणे एनडीव्हीआयला जमत नाही, दोन्ही त्याला ‘हिरवे नाही’ एवढेच दिसते. काडाने झाकलेली जमीन धुपेपासून सुरक्षित असते, उघडी जमीन तशी नसते, त्यामुळे हा फरक फार महत्त्वाचा आहे. इथे लघुतरंग अवरक्तचे दोन्ही बँड लागतात. चारच बँड देणाऱ्या अतिबारीक उपग्रहांत ते नसतात. ती उणीव सेंटिनेल-२ किंवा लँडसॅटने भरून काढावी.

खारवट आणि चोपण जमीन चित्रात ओळखता येते का?

खारवट (क्षार साचलेली) जमीन काही काळच, चोपण (सोडियम वाढलेली) जमीन क्वचितच. क्षार वर येऊन पांढरा थर धरतात ते कोरड्या दिवसांत. पाऊस पडला किंवा पाणी दिले की ते विरघळून आत जातात आणि तीच जमीन निर्दोष दिसते. म्हणून शेवटच्या ओलीनंतर निदान दहा-बारा कोरडे दिवस गेल्यावरचे चित्र निवडावे. पांढरे दिसले म्हणजे क्षारच, असेही नाही. वाळू, चुनखडी, बारीक ढेकळांची कोरडी नांगरट, आच्छादनाचा प्लॅस्टिक कागद, सगळे तितकेच चकाकते.

भरवशाची खूण वेगळी आहे : एकाच शेतातला, सरळ रेषांची हद्द नसलेला ठिपका, जिथे तीन-चार हंगाम सलग पीक उगवलेले नाही किंवा खुरटलेले आहे, आणि कोरड्या दिवसांत तोच ठिपका उजळतो. दोन्ही खुणा एकाच जागी जुळल्या तरच तिथून नमुना घ्यावा. चोपण जमिनीत पांढरा थर बहुधा नसतो. उलट विरघळलेल्या सेंद्रिय पदार्थांमुळे ती काळपटही दिसते, म्हणून ती चित्रातून सुटते. निर्णय प्रयोगशाळेचा : संपृक्त अर्काची विद्युत वाहकता ४ डेसिसायमन प्रति मीटरपेक्षा जास्त असेल तर खारवट, विनिमययोग्य सोडियम १५ टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर चोपण. नमुने ० ते १५ आणि १५ ते ३० सेंटिमीटर खोलीचे वेगवेगळे घ्यावेत.

धूप मोजता येते का?

घळपाडी धूप मोजता येते, ओघळपाडी बहुधा नाही. तिच्यासाठी ड्रोन लागतो. सालकाढी धुपेचे फक्त संकेत मिळतात : उताराच्या फुगीर खांद्यावर दरवर्षी त्याच जागी फिके पट्टे, जिथे वरची माती जाऊन खालचा मुरूम उघडा पडला आहे. हे पट्टे पाहायला अनेक वर्षांतले फक्त उघड्या जमिनीचे पिक्सेल निवडून त्यांचे मध्यक चित्र (प्रत्येक जागी सगळ्या वर्षांतल्या आकड्यांतला मधला आकडा) तयार करावे. पावसानंतर लगेचची चित्रे त्यातून वगळावीत, कारण ओली माती गडद होते आणि फिके पट्टे लपतात.

घळीचे डोके किती मागे सरकले हे सांगताना मोह आवरावा. दोन्ही चित्रांत त्या दिशेने एक-एक मीटरची स्थान-चूक असेल तर फरकातली चूक १.४ मीटर होते. ९५ टक्के खात्री हवी तर सुमारे २.८ मीटरपेक्षा कमी सरकणे ‘सरकले’ म्हणून मांडता येत नाही. झाडांच्या छताखालची घळ तर दिसणारच नाही, ती नकाशात नाही म्हणजे जमिनीवर नाही असे समजू नये.

जमिनीचा ऱ्हास झाला की नुसता पाऊस कमी पडला, हे कसे ओळखायचे?

सगळ्या देखरेखीतला हाच कळीचा प्रश्न आहे. दोन वर्षांची तुलना करून याचे उत्तर कधीही देऊ नये. कोरड्या वर्षी चांगली जमीनही फिकी दिसते आणि भरपूर पावसाच्या वर्षी खराब जमिनीवरही तण माजते.

निदान दहा वर्षांची मालिका घ्यावी. प्रत्येक वर्षाच्या वाढीच्या हंगामातल्या एनडीव्हीआयची बेरीज काढून ती त्या काळातल्या पावसाशी प्रतिगमनाने (दोन गोष्टींचा संबंध आकड्यांत बसवणाऱ्या सांख्यिकी रीतीने) जोडावी. पावसाने जेवढे समजावले तेवढे बाजूला काढल्यावर जे उरते, त्यात वर्षागणिक घसरण आहे का ते पाहावे. उरलेला भाग सतत खाली जात असेल, म्हणजे तेवढ्याच पावसावर जमीन आता कमी उगवते आहे, तर ऱ्हासाचा संशय पक्का होतो. ही रीतही आंधळी लागू करू नये. ओलिताच्या शेतात पाऊस आणि हिरवाई यांचा संबंध तुटलेला असतो. तिथे ती निरर्थक आहे. मालिकेच्या सुरुवातीआधीच जमीन खराब झाली असेल तर रेषा सपाट येते आणि सगळे ‘स्थिर’ दिसते. हिरवाई वाढणे हेही नेहमी शुभ नसते. कुरणात आक्रमक काटेरी झुडपे पसरली की एनडीव्हीआय चढतो आणि गुरांना चरायला मात्र काही उरत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांतला १५.३.१ हा निर्देशक याच कारणाने एका आकड्यावर विसंबत नाही. भूआच्छादन, जमिनीची उत्पादकता आणि मातीतला सेंद्रिय कर्ब असे तीन घटक तो पाहतो, आणि एकही घसरला तर ती जमीन ऱ्हास पावलेली धरतो.

काहीच बदललेले नसताना चित्रांत बदल का दिसतो?

बहुतेक वेळा चित्रे नीट एकावर एक बसलेली नसतात. एका पिक्सेलचे सरकणेही प्रत्येक बांधाच्या कडेने एका बाजूला ‘वाढ’ आणि दुसऱ्या बाजूला ‘घट’ अशी जोड-रेघ उमटवते. अशा समांतर जोड-रेघा दिसल्या की काम थांबवून आधी चित्रे बसवावीत, चूक अर्ध्या पिक्सेलच्या आत आणावी. याखेरीज सूर्याची उंची, कॅमेऱ्याची बाजू, पेरणी पंधरा दिवस पुढे-मागे होणे, हीदेखील कारणे असतात. वर्षावर्षांची तुलना एकाच हंगामातल्या जवळच्या तारखांची असावी. पेरणीच सरकली असेल तर तारखेपेक्षा पिकाची अवस्था जुळवावी.

सतत ढग असतील तर?

रडार. सेंटिनेल-१ चे सी-बँड रडार ढगांतून आणि रात्रीही पाहते, आणि पूर, पाणथळपणा, नांगरट, झाडतोड यांसाठी चांगले आहे. पण ते हिरवाई पाहत नाही. खडबडीतपणा आणि ओल पाहते. नुकतीच नांगरलेली कोरडी जमीन आणि ओली सपाट जमीन त्यात सारखी उजळ दिसू शकते. एकट्या रडारवर मातीची ओल ठरवू नये.

वर्गीकरणासाठी किती नमुने घ्यावेत?

वर्गीकरण म्हणजे प्रत्येक पिक्सेल कोणत्या वर्गातला हे संगणकाकडून ठरवून घेणे. त्यासाठी प्रत्येक वर्गाला निदान ५० वेगवेगळ्या जागा. एकाच शेतातले ५० पिक्सेल म्हणजे ५० नमुने नव्हेत. प्रशिक्षणाचे आणि तपासणीचे नमुने वेगळे करताना पिक्सेल न वाटता अख्खी शेते वाटावीत. शेजारचे पिक्सेल दोन्हीकडे गेले की ९५ टक्क्यांची अचूकता दिसते आणि नव्या गावात तोच नकाशा कोसळतो. तीनशे-पाचशे ‘झाडांचे’ रँडम फॉरेस्ट (अनेक निर्णय-वृक्षांच्या मतांवरून वर्ग ठरवणारी संगणकी पद्धत) बहुतेक कामांना पुरते. पद्धत बदलण्यात घालवलेल्या आठवड्यापेक्षा चुकलेले नमुने दुरुस्त करण्यात घालवलेला दिवस जास्त फळ देतो.

नकाशातले पिक्सेल मोजून क्षेत्रफळ सांगता येईल का?

नाही, आणि ही चूक मोठमोठ्या अहवालांत सापडते. उदाहरण घेऊ. नकाशात १,००० हेक्टर धुपलेले आणि ९,००० हेक्टर न धुपलेले आहे. धुपलेल्या भागात यादृच्छिक १०० बिंदू तपासले, ८० खरे निघाले. न धुपलेल्या भागात २०० तपासले, त्यांतले ६ प्रत्यक्षात धुपलेले निघाले. खरे क्षेत्रफळ : १,००० चे ८० टक्के म्हणजे ८०० अधिक ९,००० चे ३ टक्के म्हणजे २७०, एकूण १,०७० हेक्टर. त्याची ९५ टक्के खात्रीची मर्यादा सुमारे २२७ हेक्टर कमी-जास्त. यातली बहुतेक अनिश्चितता मोठ्या वर्गातल्या त्या सहा बिंदूंमुळे आलेली आहे. म्हणून वाढीव तपासणीचे बिंदू ‘काही बिघडलेले नाही’ म्हणणाऱ्या मोठ्या भागात टाकावेत, जिथे कोणालाच जायचे नसते.

सुरुवातीला किती बिंदू लागतील? अचूकता ८५ टक्के अपेक्षित आणि पाच टक्क्यांची चूक चालणार असेल तर १९६.

जागेवर तपासणीला जाताना काय नोंदवावे?

तारीख, स्थान, यंत्राने दाखवलेली चूक, चारही दिशांचे फोटो, झाडोऱ्याचे टक्के, काडाचे टक्के, मातीचा रंग कोरडा की ओला, गेल्या आठवड्यातला पाऊस किंवा पाणी, आणि जमीन कसणाऱ्याने सांगितलेला गेल्या तीन वर्षांचा इतिहास. तपासणी चित्राच्या तारखेच्या आठवडाभरात व्हावी. रस्त्याकडेचेच बिंदू घेतले तर रस्त्याकडेच्याच जमिनीची अचूकता कळते. जाणाऱ्याला नकाशातला वर्ग आधी सांगू नये. माहीत असला की डोळा तेच पाहतो.

गूगल अर्थवरचे चित्र उतरवून वापरले तर?

बिंदू डोळ्यांनी तपासायला उत्तम. मोजणीला नाही : निकट-अवरक्त बँड नाही, आकडे ताणलेले, आणि शेजारच्या दोन तुकड्यांच्या तारखा वेगवेगळ्या असू शकतात.

संगणक केवढा लागतो?

१०० चौरस किलोमीटर, अर्धा मीटर, चार बँड, १६ बिट : एका तारखेचे सुमारे ३.२ गिगाबाइट, दाबून साठवण्याआधी. १६ गिगाबाइट रॅम आणि एसएसडी असेल तर क्यूजीआयएस आणि जीडॅल या नकाशांच्या संगणक प्रणालींवर हे काम होते; फक्त चित्र तुकड्यांत चालवावे. लांबलचक मालिका मात्र क्लाउडवरच चालवाव्यात.

वर्षानुवर्षे चालणाऱ्या देखरेखीत कोणती काळजी घ्यावी?

मूळ चित्रे, मेटाडेटा आणि प्रक्रियेची स्क्रिप्ट (संगणकाला दिलेल्या आज्ञांची फाइल) तिन्ही जपून ठेवावीत. फक्त तयार नकाशा ठेवला तर पाच वर्षांनी तो पुन्हा काढता येत नाही. नवा उपग्रह वापरात आला की एकाच महिन्यात दोन्हींची चित्रे घेऊन, न बदलणाऱ्या जागांवर (खडक, जुना डांबरी तळ, खोल स्वच्छ पाणी) आकडे जुळवावेत आणि तो फरक लिहून ठेवावा. उंबरठ्याचे आकडे (ज्यांच्या अलीकडे-पलीकडे वर्ग बदलतो ते) दरवर्षी सोयीने बदलू नयेत. बदलावेच लागले तर पहिल्या वर्षापासूनची सगळी मालिका नव्या उंबरठ्यावर पुन्हा काढावी.